तिकटीवरचं उकडलेलं अंडं

हे मला आत्ताच सांगायचंय. आत्ता म्हणजे आत्ता, कारण अजून अर्धा तास गेला की मला लाज वाटायला लागेल आणि मी सगळं पुसून टाकीन. आधी तीनदा टाकलंय. त्यामुळं भराभर टाइप करतेय, चुका दिसल्या तर समजून घ्या.

तर. मी एका देवीशी बोलायचे. रोज. आणि ती देवी सोलापूरची नाही, महाराष्ट्राची नाही, भारताचीपण नाही. आणि तिच्यासाठी मी एक गोष्ट केली, तिच्यापायी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईची खोली जायची वेळ आली. थांबा, पहिल्यापासून सांगते.

मागच्या वर्षी माझी मैत्रीण नोकरीला पुण्याला गेली. मैत्रीण म्हणजे एकुलती एक, पहिलीपासूनची. वडील श्रीपूरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत, एकदा गाळप सुरू झालं की पंधरा पंधरा दिवस घरी येत नाहीत. आई दवाखान्यात नर्स, तिची दुपारची शिफ्ट. म्हणजे मी कॉलेजातनं चारला घरी यायचे आणि आई येईपर्यंत घरात मी आणि पंखा. बाहेर यंत्रमागांची खटखट, ती तर जन्मापासून ऐकतेय, ती बंद पडली तरच ऐकू येते. मैत्रिणीला मेसेज केला की "बिझी यार, नंतर करते." नंतर म्हणजे रविवारी. मग तेपण बंद झालं. भांडण नाही, काही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण तरी मिळालं असतं.

फोन बघत बसायचे. त्यातच ते व्हिडिओ आले. परदेशातल्या पोरी, काळे कपडे, हातभर अंगठ्या, समोर मेणबत्त्या, आणि म्हणतायत मी विच आहे. इंग्लिशमध्ये तो शब्द किती छान वाटतो की! एखाद्या महागड्या अत्तराचं नाव असावं तसा. मराठीत त्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण हे आणि ते एकच, असं माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. खरंच नाही आलं.

मला मंत्र-तंत्र नको होतं. मला त्यातली एकच गोष्ट लागली. त्या पोरी म्हणायच्या, एका देवतेशी नातं जोडायचं. घाई करायची नाही. रोज थोडा वेळ द्यायचा, नुसतं मागत सुटायचं नाही, आपल्या दिवसाचं सांगायचं, गप्प बसून ऐकायचं. मैत्री करतात तशी. मी तो व्हिडिओ चारदा बघितला. रोज थोडा वेळ! मला कोण देत होतं रोज थोडा वेळ?

देवी निवडायला मला दोन दिवस लागले. हेकाटी. ग्रीक लोकांची फार जुनी देवी. जिथं तीन रस्ते मिळतात तिथं ती असते, हातात किल्ल्या, पायाशी कुत्री. आमची गल्ली जिथं संपते तिथं तिकटीच आहे, आणि तिथं सहा कुत्री कायम पडलेली असतात. मला वाटलं, बास, हीच खूण. (सोलापुरात कुठल्या कोपऱ्यावर सहा कुत्री नसतात, असं आता म्हणते. तेव्हा नाही म्हटलं.)

अडचण एकच होती. आमच्या घरात देव नाहीत. आम्ही बौद्ध. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली बुद्धांची छोटी मूर्ती, पौर्णिमेला वंदना, संपलं. बावीस प्रतिज्ञा मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहेत. कुठले देव मानायचे नाहीत त्यांची नावं त्यात आहेत. मी परत एकदा नीट म्हणून बघितल्या. हेकाटीचं नाव त्यात नव्हतं. हसू नका, मला खरंच हायसं वाटलं होतं. म्हणजे पळवाट आहे हे मलाही कळत होतं, पण पळवाटसुद्धा वाटच असते की.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बारावीच्या पुस्तकांमागं, मी जागा केली. काळ्या ओढणीचा तुकडा, एका मोडक्या कुलपाची किल्ली, आणि मेणबत्ती. मेणबत्त्या आईच्या वंदनेच्या पाकिटातल्या. एकेक काढायचे, मधूनच, म्हणजे पाकीट हलकं झालेलं कळणार नाही.

पहिले आठ दिवस इंग्लिशमध्ये लिहिलेल्या प्रार्थना म्हटल्या. नोकरीच्या इंटरव्ह्यूला बसल्यासारखं वाटायचं. मी हे वाक्य बोलले की समोरून "वी विल लेट यू नो" येणार, तसं. मग एक दिवस कॉलेजात डबा एकटीनं खाल्ला होता, बेंचवर शेजारी बॅगा ठेवलेल्या, माणूस नाही, आणि घरी येऊन कप्पा उघडला तर तोंडातनं आपोआप निघालं, "आज लई कंटाळा आला गं."

आणि झालं! म्हणजे काही झालं नाही, ज्योत हलली नाही, वारा नाही. पण मी पहिल्यांदा कुणालातरी काहीतरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले. तिचं नावपण बदललं. हेकाटी म्हणता म्हणता हेकटी झालं. आई मला लहानपणापासून हेकट म्हणते, "हेकटच हाय मेली, एक म्हटलं तर दुसरं करंल." म्हणून मला ते नाव घरचंच वाटलं. हेकटीबाई. मी तिला सगळं सांगायचे. प्रॅक्टिकलला पार्टनर मिळाला नाही, पुण्याहून फोन आला नाही, आईचे पाय सुजतात आणि ती बर्फाच्या पाण्यात बुडवून बसते तेव्हा तिच्याशी बोलू नये असं वाटतं. ती उत्तर द्यायची नाही. पण बिझी आहे असंपण म्हणायची नाही. माझं बोलून झालं की मी गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्यात कुणीतरी आहे असं मला वाटायचं. ते खोटं होतं असं मी आजसुद्धा म्हणणार नाही.

आता अमावस्या.

फोनवर एक ग्रुप होता, देशोदेशीच्या लोकांचा, सगळे हेकाटीचे भक्त. त्यांनी सांगितलं की अमावस्येला तिचं जेवण असतं. अंडं, लसूण, भाकरी-पाव जे असेल ते, तीन रस्त्यांवर ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. नात्यातली मोठी पायरी आहे म्हणे ती. मी किती खूश! अंडं उकडलं, कारण कच्चं हातात फुटलं असतं. कडक भाकरी घेतली, लसणाची कुडी घेतली, खाली अंथरायला काळ्या ओढणीचा तुकडा घेतला. दिवेलागणीला तिकटीवर गेले. बायका आत स्वयंपाकात, माग चालू, रस्त्यावर कोण नाही. ठेवलं. मागं न बघता आले. सोपा पेपर देऊन बाहेर आल्यासारखं छातीत हलकं वाटत होतं.

तुम्ही इथं कपाळावर हात मारला असेल. मी नाही मारला! उतारा म्हणजे काय मला माहीत नाही असं थोडंच आहे? शाळेत जाताना तिकटीवर लिंबू, कुंकू, भात पडलेला असायचा आणि बाकीच्या पोरी ओरडायच्या, "ओलांडू नको गं!" माझ्या वडलांनी तर एकदा उताऱ्यातला नारळ सगळ्या गल्लीसमोर उचलून आणला, घरी फोडला आणि आईनं त्याची चटणी केली. दोन दिवस खाल्ली आम्ही. एवढं सगळं माहीत असून माझ्या डोक्यात दोन गोष्टी जुळल्या नाहीत, कारण फोनवरच्या फोटोत धुकं होतं, उंच उंच झाडं होती, आणि भाकरी नव्हती.

आमच्याकडं तिकटीवरच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. नेमका दुसरा दिवस पाण्याचा होता. सकाळी सहाला मी घागर घेऊन खाली आले तर सगळी गल्ली तिकटीवर.

"काळं फडकं, अंडं, आन् काल अमावस्या. अजून काय पायजे?"

"भाकरी कुत्र्यांनी खाल्ली बग अर्धी."

"कुत्री कुणाची हायत, म्हायतंय न्हवं?"

हे शेवटचं कोपऱ्यावरची दुकानवाली काकू म्हणाली. तिची सून आठ दिवस तापानं झोपून होती. आणि कुत्री कुणाची, तर अक्काची.

अक्का म्हणजे तिकटीला लागून जी खोली आहे तिथं एकटी राहणारी म्हातारी. तेलुगू. मांडीवर सूप घेऊन दिवसभर दारात विड्या वळते, आणि संध्याकाळी उरलंसुरलं कुत्र्यांना घालते. नवरा कधीच वारला, मूलबाळ नाही. तिच्या मराठीत सगळं पुल्लिंगी असतं. पाणी आला, भाजी संपला, पोरगी गेला. मी लहान असताना तिच्या दारात बसून विडीचे दोरे तोडून द्यायचे.

"रोज संध्याकाळी काय पुटपुटत असती कुत्र्यांशी," कुणीतरी म्हणालं.

"चेटकीण मेली," काकू म्हणाली.

मी घागर तिथंच ठेवून घरी आले. फोन उघडला. माझ्या अकाउंटवर माझ्या नावाखाली मी स्वतः लिहिलं होतं, बेबी विच, पुढं छोटा चंद्र. तो शब्द पहिल्यांदा मला मराठीत ऐकू आला.

परत खाली गेले तेव्हा अक्काची घागर कुणीतरी रांगेतनं काढून भिंतीला लावली होती. तिला कुणी काही बोलत नव्हतं. तिनं मला विचारलं, "एम्मा," म्हणजे काय गं, "काय झाला? माझा घागर का काढला?"

मी म्हणाले, "काही नाही अक्का."

काही नाही! असं म्हणाले मी.

ग्रुपवर लिहिलं. सगळं लिहिलं. पहिलं उत्तर आलं, कुत्र्यांनी खाल्लं? म्हणजे तिनं स्वीकारलं, अभिनंदन! मग बदामाची चित्रं, बदाम, बदाम, काळे बदाम. मी परत लिहिलं की इथं एका बाईवर आळ आलाय, आमच्याकडं हा शब्द बाईला लावला की तिचं जगणं अवघड होतं, कुठं कुठं तर जीव घेतात. त्यावर एकीनं लिहिलं, वाचून वाईट वाटलं, तू तुझी ऊर्जा जप. ऊर्जा! इथं घागर रांगेतनं काढतायत आणि मी ऊर्जा जपू.

चार दिवसांत काय काय झालं बघा. वळलेल्या विड्या द्यायला अक्का ज्या बायकांबरोबर चालत जायची त्या तिला न सांगता पुढं जायला लागल्या. दुकानात तिला सुट्टे नाहीत म्हणून साखर दिली नाही. आणि चौथ्या दिवशी घरमालक येऊन दारातच म्हणाला, "अक्का, महिना संपला की दुसरीकडं बघा. लोकं बोलायलीत." मी समोरच्या जिन्यात उभी होते. ती सुपातली पानं नुसती खालीवर करत राहिली.

मी का बोलत नव्हते? घाबरले होते, दुसरं काय. आमच्याबद्दल गल्लीत एक वाक्य कायम तयार असतं, "त्यांच्यात" असं सुरू होणारं. आई-वडलांनी वीस वर्षं नीट राहून, नीट बोलून ते वाक्य तोंडातच अडवून धरलंय. मी कबूल केलं की ते बाहेर येणार. आणि आईला कळणार. आणि वडलांना, ज्यांनी उताऱ्याची चटणी करून खाल्ली, त्यांना कळणार की त्यांच्याच पोरीनं उतारा ठेवला.

मी कप्पा उघडून तिलाच विचारलं. "सांग की काय करू. तुझ्यासाठीच केलं होतं न्हवं?" गप्प. रोजच्यासारखीच गप्प, पण त्या दिवशी मला त्यात कुणी आहे असं वाटलं नाही. भिंत होती, पुस्तकं होती, मेणबत्ती होती.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी खाली गेले. अक्का भिंतीपाशी एकटी. सगळ्यांचं झाल्यावर तिचा नंबर, म्हणजे तोवर पाणी जाणार. मी नळापाशी गेले आणि म्हणाले, "ते अमावस्येचं मी ठेवलं होतं."

कुणालाच कळलं नाही. काकू म्हणाली, "काय ठेवलंस?"

"अंडं. भाकरी. अक्कानं नाही, मी ठेवलं."

"तू? तू कशाला ठेवशील? तुमच्यात कुटं असतंय असलं?"

आलंच ते वाक्य. मी म्हणाले, "एक देवी…" आणि एवढ्यात काकूच्या शेजारची वहिनी फिसकन हसली. "अगं काकू, रील! रील काढली असंल हिनं! आजकाल पोरी भुताच्या रीला काढत्यात की!"

"व्हय गं? रीलसाठी केलंस?"

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. मी बघितलं ते. चार दिवस आवळलेले चेहरे, एका शब्दानं सुटले. आणि मला लख्ख कळलं की आता माझ्या हातात दोन वाक्यं आहेत. देवीसाठी म्हणाले तर ते अजून उताराच आहे, फक्त अक्काच्या दारातनं उठून आमच्या दारात येईल. रीलसाठी म्हणाले तर तो उताराच उरत नाही, गंमत होते, आणि गमतीसाठी कुणाची खोली काढून घेत नाहीत.

"हो," मी म्हणाले. "रीलसाठी."

"मेले! माझी सून तापानं फणफणतीया आन् हिला शूटिंग सुचतंय!"

"किती लाईक आले गं?"

"आन् अंडं वाया घालीवलं!"

हसल्या सगळ्या. काकूसुद्धा, शिव्या घालत घालत. कुणीतरी अक्काची घागर उचलून रांगेत पुढं सरकवली. माफी-बिफी कुणी मागितली नाही. घागर सरकवली, तेच.

अक्कानं पाणी भरलं. माझ्या शेजारनं जाताना थांबली. मला वाटलं डोक्यावर हात ठेवेल. ती म्हणाली, "उकडलेला अंडा कोण ठेवतोय? कच्चा ठेवतात." हसली नाही. मग हळू आवाजात, "पैला दिवशी का नाही बोलला?"

ती घागर घेऊन आत गेली. घरमालकानं खोलीचं परत काढलं नाही, ती तिथंच आहे, सूप घेऊन दारात बसते. मी गेले की बघते. पण बस म्हणत नाही.

आईला अर्थातच दुकानातच कळलं. घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "दाखव रील."

रील कुठं होती? आईनं माझ्याकडं बघितलं, मग कपाटाकडं. आयांना कसं कळतं काय माहीत. खाली बसली, पुस्तकं बाजूला केली.

"माझ्या वंदनेच्या मेणबत्त्या व्हय या."

"हो."

"मला वाटलं दुकानदार पाकिटात कमी घालतोय. भांडणार होते मी त्याच्याशी." किल्ली हातात घेऊन उलटीपालटी केली. "कुणाशी बोलायचीस?"

मी सांगितलं. तिनं ऐकलं, सगळं. मग म्हणाली, "माझ्याशी बोलायला काय झालं होतं?"

"तू नसायचीस."

मला ते तसं म्हणायचं नव्हतं. पण निघालं तोंडातनं. आईनं सुजलेले पाय पुढं पसरले. मग किल्ली होती तिथं ठेवली, पुस्तकं परत लावली आणि म्हणाली, "तुझे वडील इथं असते तर तिथंच उचलून अंडं खाल्लं असतं." आणि भात लावायला उठली. तिची शिफ्ट बदलली नाही. बदलणार कशी?

गल्लीत आता मला रीलवाली म्हणतात. चिडवतात, बोलतात, खरं म्हणजे आधीपेक्षा जास्त बोलतात. ज्या गोष्टीनं मला सगळ्यात एकटं नसल्यासारखं वाटायचं ती गोष्ट आता त्यांची मस्करी आहे, आणि तसं मीच केलंय, माझ्या तोंडानं, भर नळावर. ग्रुपवर विचारलं तर म्हणतील देवता समजून घेतात गं, आणि बदाम टाकतील. आई देव मानतच नाही. अक्काला विचारायची माझी हिंमत नाही. मग मी कुणाला विचारू की मी हेकटीबाईला रील म्हणाले ते तिनं ऐकलं असेल का? अक्का वाचली त्याचं मला वाईट वाटत नाही, परत वेळ आली तर परत तेच म्हणेन, पण पहिल्या दिवशी म्हणेन. फक्त तेव्हापासून मी कप्पा उघडते, बसते, आणि मला तोंड उघडता येत नाही. काल एकदा "अगं" म्हणाले आणि पुढचं सुचलंच नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमचं कधी असं झालंय का? कुणाला तरी वाचवायला आपल्या जवळच्या कुणालातरी, माणूस असो नाहीतर देव, चारचौघांत खोटं म्हणावं लागलं? आणि झालं असेल तर सांगा ना, नंतर परत त्यांच्यासमोर बसलात तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणालात?